कृपामातेच्या चर्चचा मनोरा: प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जून २०२५

११ जानेवारी २०२५, शनिवार

जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या शवदर्शनाचा सोहळा ५ जानेवारीला संपला आणि आठवडाभरात रस्ते मोकळे झाले. त्यामुळे आजपासून मोन्ते सांतो टेकडीवर काम सुरू करता आले. टेकडीवर चढताच समोर येतो तो जांभ्या दगडाचा एकाकी मनोरा सेंट ऑगस्टिनचा मनोरा म्हणून ओळखला जातो. तो ज्या चर्चचा भाग होता त्याचे नाव नोसा सेन्योरा दा ग्रासा, म्हणजे कृपामातेचे चर्च. ऑगस्टिनियन पंथाचे साधू १५७२ मध्ये गोव्यात आले आणि हे चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले. आज मनोऱ्याच्या मागे छत नसलेल्या भिंती, उपवेद्यांचे कोनाडे, तुटके खांब आणि जमिनीत बसवलेले थडग्यांचे कोरीव दगड एवढेच उरले आहे.

आम्ही येथे दुरुस्तीसाठी आलेलो नाही आणि तो अधिकारही आमचा नाही. स्मारक संरक्षित आहे. आम्हाला मिळालेली लेखी परवानगी केवळ मोजमाप, छायाचित्रण आणि आरेखन यांपुरती आहे. भिंतीला खिळा, चिकटपट्टी किंवा खडूची खूणसुद्धा लावायची नाही, अशी त्यातील अट आहे आणि ती मला पूर्ण मान्य आहे. पावसाळ्यापूर्वी मनोऱ्याच्या आणि मुख्य दालनाच्या प्रत्येक भिंतीची आजची स्थिती अशी नोंदवून ठेवायची, की पुढच्या वर्षी किंवा पन्नास वर्षांनी कोणी याच जागी उभे राहिले तर काय गेले आणि काय राहिले हे त्याला दगडागणिक सांगता यावे, एवढेच आमचे उद्दिष्ट आहे. आम्ही तिघे आहोत: मी, वास्तुशास्त्राच्या शेवटच्या वर्षाची एक गोवेकर विद्यार्थिनी, आणि सावंतवाडीकडचे एक अनुभवी गवंडी, ज्यांना आम्ही मेस्त्री म्हणतो.

१९ जानेवारी, रविवार

स्थिर बिंदू निश्चित करण्यात सकाळ गेली. भिंतीवर खूण करायची नसल्याने दुरून सहज ओळखू येतील असे दगडांचे कोपरे, कमानींचे चाप आणि कोनाड्यांच्या कडा निवडल्या आणि अंतर आणि कोन मोजणाऱ्या टोटल स्टेशन यंत्राने त्यांचे स्थान घेतले. पुढील सर्व छायाचित्रे याच बिंदूंना जोडली जातील.

मनोरा ४६ मीटर उंच आहे. पण त्याची उंची डोळ्यांत भरण्याआधी त्याचे अर्धेपण जाणवते. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा निम्मा भाग कोसळला, १९३८ मध्ये आणखी काही भाग गेला, आणि जे उरले ते एखाद्या वास्तूच्या उभ्या छेदासारखे दिसते. वास्तुशास्त्राच्या वर्गात असा छेद कागदावर काढायला शिकवतात. येथे तो प्रत्यक्ष दगडात उभा आहे. भिंतीची जाडी, कमानीचा भार कोठे उतरतो ते, मजल्यांच्या खाचा, हे सारे एरवी बंद असणारे अंतरंग उघड्यावर आले आहे. विद्यार्थिनीला हे पाहताना आनंद झाला. तो स्वाभाविकच होता. मला मात्र त्याच क्षणी हे जाणवत होते, की पावसासाठी न घडवलेली भिंतीची ही आतली बाजू जवळजवळ शतकभर पाऊस झेलते आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

आज क्षेत्रावरचे काम थोडे झाले. दुपारी सावलीत बसून या वास्तूच्या पडझडीचा कालक्रम एका कागदावर मांडला आणि त्यातून जे दिसले ते येथे सविस्तर लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

१८३४ मध्ये पोर्तुगालने धार्मिक पंथांचे मठ बंद केले आणि १८३५ मध्ये ती आज्ञा गोव्यात अमलात आली. ऑगस्टिनियन साधू गेले, मठ रिकामा झाला. १८४२ मध्ये मुख्य दालनाचे कमानी छत कोसळले. १८७१ मध्ये येथील मोठी घंटा पणजीच्या चर्चमध्ये बसवण्यात आली. १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. हा क्रम माहितीफलकांवर असतो आणि लोक तो वाचून पुढे जातात, कारण तारखा एकाखाली एक लिहिल्या की त्या आपोआप घडल्यासारख्या वाटू लागतात. पण मठ रिकामा होणे आणि छत कोसळणे यांच्या तारखांमधले अंतर पाहावे. दोनशेहून अधिक पावसाळे ज्या छताने अंगावर घेतले, ते साधू गेल्यानंतर अवघ्या सात वर्षांत खाली आले.

कोकणात ज्याचे घर आहे त्याला याचे कारण समजावून सांगावे लागत नाही. आमच्या सावंतवाडीच्या घरी दर वैशाखात शाकारणी होते. कौले उतरवायची, फुटलेली बदलायची, वासे आणि रिपा पाहायच्या, वळचणीतला पालापाचोळा काढायचा, पन्हळी मोकळ्या करायच्या. एखाद्या वर्षी शाकारणी चुकली तर घर लगेच पडत नाही, एका कोपऱ्यात ओल दिसते. दुसऱ्या वर्षी त्या कोपऱ्यातला वासा मऊ होतो. तिसऱ्या वर्षी तेथे फर्न उगवतो, भिंतीचा माथा उघडा पडतो आणि त्यानंतर घर वाचवणे हे शाकारणीचे काम राहत नाही, ते नव्याने बांधण्याचे काम होते. दगडी छतावर कौलारू घरासारखी शाकारणी होत नसेल, परंतु फटी चुन्याने भरणे, उगवलेली रोपटी उपटणे आणि पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवणे ही कामे तेथेही दरवर्षी कोणीतरी करतच असणार. १८३५ नंतर ती करणारे कोणी उरले नाही. ही वास्तू म्हातारी होऊन पडली, असे म्हटले जाते ते मला पटत नाही. याच टेकडीसमोरचे बॉम जेझू चर्च जवळजवळ तिच्याच वयाचे आहे आणि त्यात आजही रोज प्रार्थना होते.

९ फेब्रुवारी, रविवार

उत्तरेकडील उपवेद्यांची छायाचित्रे पूर्ण झाली. दुपारच्या प्रखर उन्हात दगडांच्या छिद्रांच्या सावल्या इतक्या गडद पडतात, की संगणकावर बांधलेल्या प्रतिरूपात खोटे खळगे दिसू लागतात. यापुढे छायाचित्रण सकाळी नऊपर्यंतच करायचे ठरले.

२३ फेब्रुवारी, रविवार

मेस्त्रींनी आज पहिल्यांदाच सगळ्या भिंती फिरून पाहिल्या. ते चिरेखाणीवर वाढलेले आहेत. जांभा त्यांना हाताने कळतो.

जांभा हा अतिवृष्टीच्या प्रदेशातला दगड. मुसळधार पावसाने खडकातील विरघळणारे घटक वाहून नेले आणि लोह व ॲल्युमिनियमयुक्त भाग मागे राहिला, त्यातून तो तयार झाला. फ्रान्सिस बुकानन याने मलबारातील असाच दगड पाहून, १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला लॅटेराइट हे नाव दिले, कारण तो जमिनीत असताना कुऱ्हाडीने विटेसारखा कापता येतो आणि हवा लागल्यावर कठीण होतो. चिऱ्याच्या पृष्ठभागावर लोहाची टणक साय येते, पण आतील छिद्रांत मऊ पिवळसर माती, म्हणजे शेडू, असतो. वरची साय शाबूत आहे आणि तिच्यावर गिलावा आहे तोवर चिरा शतकानुशतके टिकतो. साय फुटली की पाणी छिद्रांतून शेडू धुऊन नेते आणि दगड आतून पोकळ होत जातो. अशा चिऱ्यावर बोटाने वाजवले तर आवाज बद्द येतो. आम्हाला वाजवण्याची मुभा नसल्याने मेस्त्रींनी खाली पडलेल्या सुट्या तुकड्यांजवळ बसून, नुसत्या पाहण्यावरून, कोणता सजीव आणि कोणता मेलेला ते मला ओळखायला शिकवले. मेलेल्या दगडाच्या छिद्रांच्या भिंती पातळ असतात आणि त्याचा तांबडा रंग फिकट विटकरी होतो.

मी त्यांना विचारले, की गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, एवढ्या पावसात उघडा जांभा टिकणार तरी कसा? त्यांचे उत्तर मी वहीत जसेच्या तसे उतरवले: "पावसान दगड मरणा नाय. रवलेल्या पाण्यान मरता." पाणी वाहून गेले तर दगड सुकतो, मुरून राहिले तर मरतो, एवढा त्याचा अर्थ. तेव्हापासून आम्ही भिंतींकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो आहोत. कोठे किती झिजले यापेक्षा पाणी कोठे थांबत असेल, हा प्रश्न आता प्रत्येक नोंदीच्या पहिल्या ओळीत लिहायचा असे आम्ही ठरवले.

९ मार्च, रविवार

सकाळचे छायाचित्रण संपल्यावर मुद्दाम बॉम जेझूसमोर तासभर थांबलो. त्याची तांबडी, उघडी दर्शनी भिंत आज गोव्याची ओळख झाली आहे, पण ती मुळात अशी नव्हती. तिच्यावर चुन्याचा गिलावा होता आणि १९५० च्या दशकात, पोर्तुगीज काळातच, तो खरवडून काढण्यात आला, कारण उघडा दगड अधिक प्राचीन भासतो असे तेव्हा वाटले. तेव्हापासून जांभा पावसात आहे. गिलावा परत लावावा की लावू नये, यावर आजही वाद चालू आहे. माझे मत लपवण्याचे कारण नाही: चुन्याचा गिलावा ही जांभ्याची कातडी आहे आणि दिसण्याच्या हौसेसाठी ती काढणे चूक होते.

याच भिंतीवरील नक्षीकाम मात्र जांभ्याचे नाही. कोरीव कामासाठी वसईहून काळा बेसॉल्ट आणला होता. जांभ्यात बारीक नक्षी टिकत नाही हे त्या कारागिरांना ठाऊक होते आणि म्हणून त्यांनी समुद्रमार्गे एवढ्या दुरून दगड आणण्याचा खर्च केला. जांभा, त्यावर चुना, आणि कोरण्यासाठी बेसॉल्ट, अशी त्या काळाची समज होती. टेकडीवरच्या आमच्या भिंतींवर अजून काही कोनाड्यांत, पाऊस तिरपा पोहोचत नाही तेथे, गिलाव्याचे तुकडे टिकून आहेत आणि त्यांच्याखालचा चिरा भोवतीच्या उघड्या चिऱ्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे आलेला दिसतो. म्हणजे उघडे दगड तेवढे आत झिजले आहेत. काही ठिकाणी ही पायरी बोटाचे पेर मावेल इतकी आहे. अशा सर्व जागा आज स्वतंत्र यादीत घेतल्या, कारण झीज मोजण्याचे याहून प्रामाणिक माप येथे दुसरे नाही.

२२ मार्च, शनिवार

मठाच्या बाजूच्या भिंतींची नोंद आज सुरू केली. या भागाशी जॉर्जियाची राणी केतेवान हिची कथा जोडलेली आहे आणि आमच्या कामाचा हेतू तिच्यामुळे मला अधिक नेमका कळला.

धर्म सोडण्यास नकार दिल्यामुळे इराणच्या शाह अब्बास पहिला याच्या आज्ञेवरून केतेवानला १६२४ मध्ये शिराझ येथे हालहाल करून मारण्यात आले. तेथील ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अवशेषांचा काही भाग गोव्यात आणून या मठात जतन केला. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत त्या जागेचा उल्लेख आहे: सभाकक्षाच्या चॅपलमधील दुसऱ्या खिडकीपाशी. विसाव्या शतकाच्या अखेरीस जॉर्जियन आणि भारतीय अभ्यासकांनी शोध सुरू केला तेव्हा मुख्य अडचण ही होती, की ज्या भिंतीत ती खिडकी होती तीच पडलेली होती, आणि दुसरी खिडकी कोणती हे ठरवण्यासाठी आधी ढिगाऱ्याखालचे जोते शोधून चॅपलचा आराखडा जुळवावा लागला. अखेर २००४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या उत्खननात हाताचे एक हाड मिळाले. हैदराबादच्या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने त्याच्या डीएनएची तपासणी केली, त्यात भारतात न आढळणारा, पण जॉर्जियात आढळणारा मातृवंश निघाला, आणि ते अवशेष केतेवानचे असण्याला भक्कम आधार मिळाला. जुलै २०२१ मध्ये भारताने त्या अवशेषांचा भाग जॉर्जियाला सुपूर्द केला.

कोणा एका साधूने "दुसरी खिडकी" एवढे दोन शब्द काळजीपूर्वक लिहून ठेवले म्हणून पावणेचारशे वर्षांनी ती जागा सापडू शकली. आणि खिडक्यांचे एखादे रेखाचित्र भिंत उभी असताना कोणी काढून ठेवले असते, तर त्या शोधाला इतकी वर्षे लागली नसती. आज संध्याकाळी विद्यार्थिनीने मला विचारले, की ज्या कोनाड्यात काहीच नाही त्याचीही मापे आपण का घेतो. उत्तर म्हणून मी तिला ही हकीकत सांगितली.

६ एप्रिल, रविवार

आज टेकडीवर न जाता पणजीला गेलो. येथील घंटा मध्यंतरी काही काळ अग्वाद किल्ल्यावर होती आणि १८७१ पासून पणजीच्या निष्कलंक मातेच्या चर्चच्या दर्शनी भागावर आहे. जुन्या गोव्यातील से कॅथेड्रलच्या सुवर्णघंटेखालोखाल गोव्यातील ही सर्वांत मोठी घंटा मानली जाते. चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहून मी ती वाजताना ऐकली. आवाज खोल आहे आणि तो बराच वेळ हवेत राहतो. आपल्या मनोऱ्यातून हाच आवाज कोठपर्यंत पोहोचत असेल, हे मनात आल्यावाचून राहिले नाही. हा मनोरा मुळात घंटेसाठी बांधला गेला होता. घंटा गेली तेव्हाच त्याच्याकडे वर चढून जाण्याचे शेवटचे कारण संपले, आणि ज्या जागी कोणाला चढावे लागत नाही तेथील फट कोणाला दिसत नाही.

२७ एप्रिल, रविवार

रोपट्यांची नोंद पूर्ण केली. पिंपळ आणि वड यांची रोपे भिंतींच्या माथ्यावर, पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांपासून उगवतात. मुळे चुन्याच्या दर्जांमधून, म्हणजे चिऱ्यांमधल्या सांध्यांतून, ओल शोधत उतरतात आणि जाड होताना चिऱ्यांना दूर सारतात. नुसता शेंडा छाटला तर मूळ अधिक जोमाने फुटते, आणि ओढून उपटले तर दगडच हाती येतो. मूळ जिवंत असताना लहानपणीच, हळूहळू मारणे हाच मार्ग आहे आणि ते काम दरवर्षी करावे लागते. सापडलेल्या प्रत्येक रोपाचे स्थान नकाशावर दाखवून ती यादी देखभाल करणाऱ्या विभागाकडे पाठवली.

त्याचबरोबर, काही जागी पूर्वी केलेली सिमेंटची दर्जभराई दिसली, तिचीही वेगळी नोंद केली. सिमेंट चिऱ्यापेक्षा कडक आणि पाणी अडवणारे असते. त्यामुळे भिंतीतली ओल दर्जेतून बाहेर पडण्याऐवजी चिऱ्यातून बाहेर पडते आणि सिमेंट तसेच राहून मधला चिरा खवला जातो. हेतू चांगलाच असणार, पण जांभ्याला शिंपल्यांचा चुनाच हवा.

१८ मे, रविवार

मनोऱ्याची पूर्व बाजू आणि भिंतींच्या माथ्यांचे छायाचित्रण शिल्लक आहे. माथ्यांचे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि तेच मी उन्हाच्या तिरिपेची वाट पाहत शेवटी ठेवले. आकाश आजच भरून येऊ लागले आहे. पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येईल असे धरून वेळापत्रक आखले होते.

२१ मे, बुधवार

मुसळधार वळीव. यंत्रे आच्छादून परतलो. मेस्त्री सकाळीच म्हणाले होते, की यंदा मुंग्या लवकर वर चढल्या आहेत.

२५ मे, रविवार

मोसमी वारे काल केरळात आणि आज गोव्यात पोहोचले. एवढ्या लवकर पाऊस लागेल असे आम्ही धरले नव्हते. पूर्व बाजूचा वरचा तिसरा हिस्सा आणि दक्षिणेकडील भिंतीचा माथा यांची नोंद अपूर्ण राहिली. हा दोष माझ्या नियोजनाचा आहे. जी जागा सर्वांत दुबळी तिची नोंद सर्वांत आधी घ्यायला हवी होती, आणि पुढील हंगामाच्या वेळापत्रकात ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लिहिली आहे.

८ जून, रविवार

पावसाने उघडीप दिल्यावर तिघेही शेवटची फेरी मारण्यासाठी गेलो. मोजमाप शक्य नव्हते, पण ओल्या भिंतींनी आम्हाला जे दाखवले ते चार कोरडे महिने दाखवू शकले नव्हते. पाऊस थांबून तीन तास झाले होते. बहुतेक भिंती वाऱ्याने वरून फिकट होऊ लागल्या होत्या, परंतु दक्षिणेकडील भिंतीवर माथ्यापासून खालपर्यंत एक काळपट पट्टा तसाच ओला होता आणि त्याच्या तळाशी, दोन चिऱ्यांच्या दर्जेतून, पाणी अजून थेंब थेंब बाहेर येत होते. थेंबांखालच्या फरशीवर पिवळसर गाळाचा लहानसा ढीग साचला होता. मेस्त्रींनी तो चिमटीत धरून चोळला आणि शेडू असल्याचे सांगितले.

त्या पट्ट्याच्या दोन्ही कडा जवळच्या स्थिर बिंदूंच्या आधाराने आरेखनावर उतरवल्या, वेळेसह छायाचित्रे घेतली आणि गाळाच्या ढिगाचे छायाचित्र मोजपट्टी बाजूला ठेवून घेतले. अहवाल आज रात्री विभागाकडे पाठवत आहे. दक्षिण भिंतीच्या माथ्यावर चुन्याचे उतरते आवरण तातडीने द्यावे, ही त्यातील पहिली शिफारस आहे.

विद्यार्थिनी दर रविवारी येऊन त्या पट्ट्याची रुंदी नोंदवणार आहे. पुढील नोंद १५ जूनला.